पावसाच्या मुलखात अडेनियम

रोपवाटिकेत येणाऱ्या बऱ्याच जणांची मागणी एकसारखी असते. "ताई, असं झाड द्या की ज्याला पाणी लागत नाही, लक्ष लागत नाही आणि फुलं मात्र भरपूर येतात." खारघर, कामोठे, कळंबोलीच्या इमारतींमधून ही माणसं येतात. नवरा-बायको दोघंही नोकरीला, गॅलरी पश्चिमेची, नळाला पाणी ठरावीक वेळेलाच. त्यांच्या दिवसात झाडासाठी जेवढी जागा उरली आहे तेवढीच ती देऊ करतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. मी त्यांना अडेनियम दाखवते. दाखवताना एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते : हे झाड कोरड सोसतं, हयगय सोसत नाही. या दोहोंतला फरक मला पनवेलच्या पावसाने आणि पनवेलच्या उन्हाळ्याने शिकवला.

अडेनियम म्हणजे आपल्याकडे बाजारात ‘डेझर्ट रोज’ म्हणून विकलं जाणारं झाड. गुलाबाशी त्याचं नातं नाही. ते कण्हेरीच्या कुळातलं. चाफा, तगर, सदाफुली, सातवीण ही सगळी त्याची भावकी. बुंधा तळाशी फुगलेला असतो, त्याला आम्ही धंद्यातली माणसं कॉडेक्स म्हणतो. वर आखूड फांद्या, फांद्यांच्या टोकाला गर्द पानांचे झुबके आणि त्यांतून बाहेर येणारी गुलाबी, लाल, पांढरी, जांभळट कर्ण्यासारखी फुलं. मूळ गाव आफ्रिकेतला साहेलचा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानचा दक्षिण भाग. खडकांच्या कपारीत ते वाढतं. पाऊस येतो तेव्हा पानं फुटतात, बुंधा आणि मुळं पाणी भरून घेतात आणि मग पुढचे कोरडे महिने त्या साठ्यावर निघतात. कोकणात भाताच्या कणगीचं जे काम, तेच त्या बुंध्याचं. कणगी असली म्हणून घरात धान्य असतंच असं नाही. हंगामात ती भरावी लागते. रिकाम्या कणगीवर कोणाचंही घर चालत नाही.

या झाडाची शास्त्रात नोंद झाली त्या कहाणीचा एक धागा आमच्या रायगड जिल्ह्यापर्यंत येतो, म्हणून ती मला फार जवळची वाटते. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात अभ्यासकांची एक तुकडी पाठवली. तिच्यात पेहर फोर्सकोल हा वनस्पती अभ्यासक होता, लिनिअसचा विद्यार्थी. येमेनच्या डोंगरांत त्याने शेकडो वनस्पती गोळा केल्या, त्यांत हे झाडही होतं. १७६३च्या जुलैत तिथेच हिवतापाने तो गेला, तेव्हा वय जेमतेम एकतीस. उरलेली मंडळी मोखा बंदरातून जहाजाने मुंबईकडे निघाली. दोघे समुद्रात दगावले, एक डॉक्टर मुंबईत गेला. शेवटी कार्स्टन नीबुर हा एकटा मोजणीदार वाचला. तो मुंबईत राहिला आणि तिथून घारापुरीच्या लेण्यांत जाऊन त्याने त्यांची मोजमापं घेतली, चित्रं काढली. घारापुरी म्हणजे आमच्या उरण तालुक्यातलं बेट. याच नीबुरने मायदेशी परतल्यावर मेलेल्या सोबत्याचे कागद सांभाळून १७७५ साली छापून काढले. त्यात या झाडाचं वर्णन होतं, आणि फोर्सकोलने त्याला कण्हेरीच्याच गणात बसवलं होतं. अडेनियम हा स्वतंत्र गण १८१९ साली झाला. एका सोबत्याने दुसऱ्याचं काम बुडू दिलं नाही म्हणून ही नोंद जगासमोर आली. रोपांच्या रांगेतून फिरताना मला नीबुरची आठवण होते.

आता पनवेलचं सांगते. माझी रोपवाटिका माथेरानच्या रस्त्याला, नेऱ्याच्या अलीकडे आहे. समोर प्रबळगड दिसतो. पनवेलच्या आसपास वर्षाला साधारण २५०० ते ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळाच्या सगळा जून ते सप्टेंबरात. येमेनच्या किनारपट्टीला वर्षभरात २०० मिलिमीटरसुद्धा मिळणं कठीण. म्हणजे तिथल्या कित्येक वर्षांचा पाऊस आमच्याकडे एका चातुर्मासात कोसळतो. आणि तोच मुलूख एप्रिल-मेमध्ये पाण्याला महाग होतो. पनवेल शहराला पाणी देणारं देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठतं, पाणी दिवसाआड होतं, सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात. आठ महिने वाळवंट आणि चार महिने समुद्र, असं या गावाचं हवामान आहे. अडेनियमला पहिले आठ महिने मानवतात. माळ्याचं कसब लागतं ते उरलेल्या चार महिन्यांत.

परदेशी पुस्तकांतलं ज्ञान इथे जपून वापरावं लागतं. ॲरिझोनासारख्या कोरड्या भागात वाढवणारे लोक हिवाळ्याच्या थंडीला भितात, कारण तापमान दहा अंशांखाली गेलं की झाड पानं टाकून झोपी जातं आणि गोठलं तर मरतं. आमच्याकडे पौषातल्या रात्रीसुद्धा सहसा तेवढ्या थंड होत नाहीत. झाड थोडी पानं गाळतं, फुलं कमी देतं, एवढंच. आम्हाला जास्त उपयोगी पडतात ते थायलंडचे माळी. त्यांच्याकडेही मोसमी पाऊस आहे आणि तरी अडेनियमच्या लागवडीत त्यांनी जगात नाव काढलं. त्यांची भिस्त एका गोष्टीवर असते : मुळांना पाण्याइतकीच हवा मिळाली पाहिजे. कुंडीत पाणी एका बाजूने गेलं की दुसऱ्या बाजूने वाहून गेलं पाहिजे आणि त्याच्या मागोमाग हवा आत आली पाहिजे. मुळं पाण्यात उभी राहिली की गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशी चढते.

म्हणून सगळी सुरुवात मातीपासून. खरं तर माती कमीच. रायगडची काळपट चिकण माती भाताला उत्तम, पण अडेनियमच्या कुंडीत ती घट्ट गोळा होऊन बसते. आम्ही विटांचे चणे-शेंगदाण्याएवढे तुकडे करतो, त्यातली भुकटी चाळून टाकतो. त्यात भाताचं तूस, अर्धवट जळलेल्या तुसाची राख, जाडी वाळू, थोडं कोकोपीट, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालतो. कुंडी भरून झाली की वरून तांब्याभर पाणी ओतून बघायचं. पाणी वर साचून राहिलं तर मिश्रण परत उपसायचं. ते झरझर खाली उतरून भोकातून बाहेर आलं पाहिजे. हा तांब्याचा कस लावल्याशिवाय आमच्याकडे एकही रोप कुंडीत जात नाही.

तूस मिळणं पूर्वी सोपं होतं. या पट्ट्यात दिवाळीनंतर भाताच्या गिरणीवर तुसाचे ढीग लागायचे, पोतं घेऊन गेलं की भरून मिळायचं. आता शेतांचे प्लॉट झाले, विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सपाट झाला, खडी वाहणारे डंपर दिवसरात्र धावतात. तूस आणायला कर्जतच्या बाजूला जावं लागतं. धुळीचंही नवं काम लागलं आहे. उन्हाळ्यात पानांवर पांढुरका थर बसतो, पानाचा श्वास कोंडतो आणि लाल कोळी त्या कोरड्या धुळीत हमखास फोफावतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारतो. ज्या झाडाला पाणी नको म्हणतात त्याला चैत्र-वैशाखात अंघोळ लागते, आणि मुळाशीही पाणी भरपूर लागतं. ३८ अंशांच्या उन्हात, पानांनी भरलेलं अडेनियम एका दिवसात कुंडी कोरडी करतं. त्या वेळी त्याला पाणी तोडलं तर ते मरत नाही, पण बुंधा सुरकुततो, पानं गळतात, कळ्या करपतात. झाड जिवंत राहतं आणि लोक म्हणतात, बघा, किती चिवट आहे. माझ्या मते त्या झाडाचं वर्ष फुकट गेलेलं असतं. उन्हाळा हाच त्याचा भरण्याचा आणि फुलण्याचा काळ. त्याच काळात आपण त्याला उपाशी ठेवलेलं असतं.

ज्येष्ठ लागला की आमची धावपळ सुरू होते. नुसत्या हिरव्या शेडनेटखाली अडेनियम पावसाळा काढू शकत नाही. जाळीतून पाऊस बारीक होऊन खाली येतो, थांबत नाही. वर प्लास्टिकचं छप्पर लागतं आणि चारही बाजू मोकळ्या लागतात, नाहीतर आत वाफ कोंडते. नैर्ऋत्येकडच्या बाजूला गुंडाळता येईल असा पडदा लावतो, कारण आमच्याकडे पाऊस आडवा येतो. प्रबळगडाचा माथा ढगात गेला की पडदा सोडायचा, उघडीप मिळाली की लगेच वर. कुंड्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, लोखंडी मांडणीवर ठेवायच्या, म्हणजे खालून वाहणारं पाणी भोकातून वर चढत नाही. २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाढी नदीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं. तो दिवस पाहिलेल्या इथल्या कोणत्याही माळ्याला मांडणीची उंची वाढवायला सांगावं लागत नाही.

पण पावसाळ्याला मी या झाडाचा वैरी मानत नाही. उबदार, दमट हवा त्याला मनापासून आवडते. साहेलमध्येही ते पावसाच्याच महिन्यांत पानं धरतं. छपराखाली ठेवलेली आमची रोपं आषाढ-श्रावणात जोमाने वाढतात. फक्त पाणी घालण्याची सवय बदलावी लागते. उन्हाळ्यात रोज घालणारा हात श्रावणात आवरावा लागतो. कुंडीत दोन पेरं बोट घालून बघायचं. बोटाला ओल लागली तर झारी खाली ठेवायची, मग चार दिवस जावोत की आठ. पाणी घालायचं ते सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. गॅलरीवाल्यांना मी इतकंच सांगते की मृगाच्या आधी कुंडी स्लॅबखाली ओढा आणि कुंडीखालची ताटली काढून टाका. ती ताटली जितकी अडेनियम मारते तितकी कुठलीही कीड मारत नाही.

सडलेलं झाड ओळखणं हे या कामातलं सगळ्यात बारीक ज्ञान, आणि ते डोळ्यांपेक्षा अंगठ्यात असतं. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा अंगठा माझ्यापेक्षा तयार आहे. भाद्रपदात एकदा कामोठ्याचे एक काका त्यांची कुंडी रिक्षातून घेऊन आले. पानं पिवळी, बुंधा सुरकुतलेला. त्यांनी समजूत करून घेतली होती की झाड तहानलं आहे, म्हणून पाणी वाढवलं होतं. मावशींनी आधी कुंडी उचलून वजन पाहिलं, मग बुंध्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबल्या. "ताई, इथे बघा. वर सगळीकडे सारखं नरम आहे, पण इथे आत बोट जातंय." हाच तो फरक. तहानलेलं झाड सर्व अंगाने सारखं मऊ पडतं आणि त्याची माती कोरडी असते. माती ओली असून बुंधा सुरकुतला असेल तर समजावं की मुळं गेली आहेत, त्यामुळे भरल्या कुंडीत झाड तहानेने व्याकूळ आहे. आणि एकाच ठिकाणी अंगठा आत जात असेल, साल काळपट होऊन आंबूस वास येत असेल, तर सड बुंध्यात शिरली आहे.

अशा वेळी मन घट्ट करून सुरी घ्यावी लागते. मावशींनी झाड उपटून मुळं धुतली. काळी, पचपचीत मुळं हातातच निघून आली. मग बुंध्याचा तळ चकतीसारखा चिरायला सुरुवात केली. पहिली चकती तपकिरी, दुसरी मध्यभागी तपकिरी, तिसरीत एक पुसट पिवळं कडं. प्रत्येक चिरेनंतर सुरी स्पिरिटने पुसायची, नाहीतर सड सुरीबरोबर वर चढते. चौथी चकती सगळी पांढरी, कच्च्या बटाट्यासारखी रसरशीत निघाली. तिथे हात थांबला. कापलेल्या तोंडाला बुरशीनाशकाची पूड चोळली, सगळी पानं काढून टाकली आणि झाड सावलीत, वाऱ्याला, उलटं टांगून ठेवलं. काका घाबरून म्हणाले, "अहो, आता हे जगणार कसं? मुळंच नाहीत." जगतं. आठ-पंधरा दिवसांत कापलेल्या जागी कोरडी खपली धरते. मग त्याला कोरड्या मिश्रणावर नुसतं बसवायचं आणि थोडं थोडं पाणी द्यायचं. दिवाळीच्या सुमाराला त्या झाडाने पांढरी नवी मुळं टाकली आणि फांद्यांच्या टोकांना पानं फुटली. ज्याच्या बुंध्यात साठा उरला होता ते झाड अशा दुखण्यातून उठलं. उन्हाळाभर उपाशी ठेवलेली झाडं अशीच येतात तेव्हा त्यांतली फार थोडी वाचतात. अंगात काही शिल्लकच नसेल तर नवं मूळ कशाच्या जोरावर फुटणार?

पावसाच्या त्याच दिवसांत येणारा दुसरा पाहुणा म्हणजे कण्हेरीचा सुरवंट. एका रात्रीत फांद्यांचे शेंडे बोडके दिसले की मी वर पाहत नाही, खाली पाहते. मिरीएवढ्या काळ्या लेंड्या जिथे पडल्या असतील त्याच्या बरोबर वर तो असतो, पानाच्याच रंगाचा, बोटाएवढा जाड. छेडला की डोकं आत ओढून पुढचा भाग फुगवतो आणि दोन निळे, काळ्या कडेचे डोळे आपल्याकडे रोखून पाहू लागतात. ते खरे डोळे नसतात, पण पाखरू दचकेल असेच असतात. या झाडाचा चीक विषारी. हृदयावर परिणाम करणारी, कण्हेरीत असतात त्याच जातीची द्रव्यं त्यात असतात. आफ्रिकेतले शिकारी तो उकळून बाणांच्या टोकांना लावत आले आहेत. शेळी सहसा या झाडाला तोंड लावत नाही. सुरवंट मात्र खुशाल पोसतो. पोट भरलं की हिरवा रंग टाकून तपकिरी होतो आणि कोशासाठी खाली पाचोळ्यात उतरतो. त्यातून निघणारा हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग आमच्या परिसरातल्या सुंदर पतंगांपैकी एक. मी फवारणी करत नाही. सुरवंट हाताने उचलून कुंपणाच्या कण्हेरीवर नेऊन सोडते. झाडाला पुन्हा पानं येतात, त्यासाठीच तर बुंध्यात साठा असतो. पण चीक हाताला लागला की साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावायचे नाहीत, हा आमच्याकडे नियम आहे. ज्यांच्या घरात रांगणारं मूल आहे त्यांना मी हे झाड उंचावर ठेवायला सांगते, आणि तशी सोय नसेल तर दुसरं झाड देते.

शिशिर सरत आला, माघाची थंडी ओसरली की छाटणी आणि कुंडीबदल. शिमग्याच्या आधी हे उरकायचं, कारण शिमग्याला सगळी माणसं गावी जातात आणि झाडंही त्यानंतर उन्हाच्या जोरावर फुटायला लागतात. फूल नेहमी नव्या फुटव्याच्या टोकाला येतं, त्यामुळे छाटणी नाही तर फांद्या नाहीत आणि फांद्या नाहीत तर फुलं नाहीत. लोकांना फांदी कापताना वाईट वाटतं. त्यांच्यासमोर एक फांदी कापून दाखवते आणि महिन्याभराने या म्हणते. एका टोकाच्या जागी तीन-चार डोळे फुटलेले पाहिले की पुढच्या वर्षी ते स्वतः कात्री घेतात. कुंडी बदलताना झाड दरवेळी थोडं वर उचलून लावतो, म्हणजे गाडली गेलेली जाड मुळं उघडी पडतात, हवा-उन्हाने त्यांना साल धरते आणि झाडाला वयाची शोभा येते. थायलंडकडचे माळी कोवळ्या रोपाच्या मुळांखाली सपाट फळी ठेवतात, त्यामुळे मुळं खाली न जाता चहूबाजूंना पसरतात. कापलेली मुळं बरी होईपर्यंत आठवडाभर पाणी बंद. मग १९:१९:१९ थोडं, कळ्या धरायच्या वेळी ०:५२:३४, तेही पॅकेटवर लिहिल्याच्या निम्म्या मात्रेने.

मला सर्वांत आनंद मिळतो तो परागीकरणात. आपल्याकडे या फुलात आपोआप बी क्वचितच धरतं. फुलाच्या नळीत पाच पुंकेसर टोकांना जुळून एक शंकू करतात, पराग त्या शंकूच्या आत दडलेला आणि स्त्रीकेसराचं ग्रहणशील अंग त्याच्याही खाली. मी सकाळी एका फुलाची नळी एका बाजूने फाडते, सुईने शंकू हळूच उकलते. आत पिठासारखा पिवळसर पराग चिकटलेला असतो. तो बारीक कुंचल्याच्या ओल्या टोकावर घेऊन दुसऱ्या झाडाच्या फुलात दोन पुंकेसरांच्या फटीतून खालून वर सारते. हात थरथरला की काम बिघडतं. साधलं तर काही दिवसांत फुलाच्या जागी दोन टोकदार शिंगं दिसू लागतात. त्या जोडशेंगा. दोन-तीन महिन्यांनी तपकिरी होऊन त्या उकलतात. प्रत्येक बीला दोन्ही टोकांना रेशमी झुबके असतात, म्हणून आधीच शेंगांना सैल दोरा बांधून ठेवावा लागतो. नाहीतर वैशाखाचा खाडीवरचा वारा सगळी मेहनत उडवून नेतो. ताजं बी आठवडाभरात उगवतं, आणि आईचा रंग गुलाबी असो, बापाचा लाल असो, लेकरू कुठल्या रंगाचं होईल हे सांगता येत नाही. वर्षभर वाट पाहायची, मग पहिली कळी उमलायची. हवा तोच रंग पाहिजे असेल तर कलम करावं लागतं. मला मात्र बियांची वाट पाहणं आवडतं.

या कोवळ्या रोपांना पहिल्या वर्षी मोठ्या झाडाचा एकही नियम लावून चालत नाही. त्यांच्याजवळ साठा नसतो. त्यांना उन्हाळ्यात रोज पाणी, नियमित खत आणि डोक्यावर पातळ सावली लागते. ज्यांना लहानपणी भरपूर मिळालं त्यांचाच बुंधा जाड होतो आणि तीच पुढे कोरड काढतात. कोरड सोसण्याची ताकद कोरडीत राहून येत नाही, ती ओलाव्याच्या दिवसांत कमावलेली असते. या धंद्यात मला पक्कं कळलेलं हे एक सत्य आहे, आणि ते झाडांपुरतं ठेवावं असं मला वाटत नाही.

मावशींच्या वाडीवरची विहीर एप्रिलअखेर आटते. मग टँकर येईल तेव्हा हंडे लावायचे. तो कधी सकाळी आठला येतो, कधी अकराला. वाडीवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात आणि पाहणारे सहज म्हणून जातात की त्यांना सवय आहे. सवय आहे म्हणून पाणी उशिरा पोचलं तरी चालतं, हा हिशेब मी रोपवाटिकेत रोज चुकीचा ठरताना पाहते. उन्हाळ्यात आमच्याकडे कामाची वेळ टँकरच्या वेळेवर ठरते. मावशी पाणी भरून येतात आणि त्या दिवसाची मजुरी पूर्ण मिळते. जो जास्त सोसतो त्याच्यावर जास्त लादायचं, ही रीत मला झाडात मान्य नाही आणि माणसांत तर नाहीच.

म्हणून हल्ली अडेनियम घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला मी पाच गोष्टी सांगते. रोजचं पाच-सहा तास ऊन द्या, सावलीत ते फुलणार नाही. उन्हाळ्यात हात मोकळा सोडून पाणी घाला. पावसाळ्यात बोट घालून मगच झारी उचला. माघ सरता सरता छाटणी करा. आणि महिन्यातून एकदा तरी बुंध्यावरून अंगठा फिरवा, म्हणजे ते झाड भरलेलं आहे की रितं होत चाललं आहे हे तुम्हाला त्याने पानं टाकायच्या आधी कळेल. इतकं केलं तर पनवेलच्या गॅलरीत हे झाड आपल्यापेक्षा जास्त जगेल आणि पुढच्या पिढीच्या हाती जाईल. जे झाड कमी मागतं त्याला लागेल ते वेळेवर द्यायला आपल्याला फार कष्ट पडत नाहीत. तेवढं तरी आपण चुकवू नये.